रोझ कुशनर

रोझ कुशनर (माहेरचे नाव: रोझ रेहर्ट, जन्म: २२ जून १९२९, बाल्टिमोर, मेरीलँड, मृत्यू: ७ जानेवारी १९९०, वॉशिंग्टन, डी.सी.) या अमेरिकन पत्रकार, लेखिका आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्या होत्या. १९७४ मध्ये त्यांना स्वतःला स्तनाचा कर्करोग झाला. गाठीची निदान-तपासणी आणि स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया एकाच भुलीत उरकण्याची पद्धत त्या काळी अमेरिकेत सर्वत्र रूढ होती. या पद्धतीला कुशनर यांनी आधी स्वतःच्या बाबतीत नकार दिला आणि पुढे ती बंद व्हावी म्हणून लेखन, व्याख्याने व शासकीय समित्यांमधील सहभाग यांद्वारे सातत्याने प्रयत्न केले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने ही पद्धत सोडून द्यावी, असा निष्कर्ष काढला. त्या परिषदेच्या निर्णय-मंडळावर कुशनर या वैद्यकक्षेत्राबाहेरील एकमेव सदस्य होत्या. वैद्यकीय पदवी नसलेल्या रुग्णानेही उपचारविषयक धोरणाच्या चर्चेत जाणकारीने भाग घ्यावा, या विचाराच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

रोझ यांचा जन्म बाल्टिमोर शहरातील एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे आई-वडील पूर्व युरोपातून अमेरिकेत स्थलांतरित झाले होते. डॉक्टर होण्याची रोझ यांची इच्छा होती. परंतु ती पूर्ण होऊ शकली नाही. तरुणपणी त्यांनी बाल्टिमोरमधीलच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानसशास्त्रविषयक प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून काम केले. प्रयोगाची मांडणी कशी करतात, निरीक्षणांची नोंद कशी ठेवतात आणि शास्त्रीय नियतकालिकांतील लेख कसे वाचायचे, याची ओळख त्यांना येथे झाली. पुढे वैद्यकीय वाङ्मयाचा अभ्यास करताना हा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

१९५१ मध्ये त्यांचा विवाह हार्वे कुशनर यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली. कुटुंब मेरीलँड राज्यात, राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरात राहत असे. मुले मोठी होऊ लागल्यावर रोझ यांनी पुन्हा शिक्षण सुरू केले आणि १९७२ मध्ये मेरीलँड विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी मिळवली.

पत्रकारिता

कुशनर या कोणत्याही एका वृत्तपत्राच्या नोकरीत नव्हत्या. त्या मुक्त पत्रकार म्हणून लेखन करीत. व्हिएतनाम युद्धाचे वार्तांकन करण्यासाठी त्या प्रत्यक्ष त्या देशात गेल्या होत्या. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धाविषयीही त्यांनी लेखन केले. वैद्यकीय विषयांवर लिहिण्यातही त्यांना रस होता. अधिकृत निवेदनावर विसंबून न राहता मूळ कागदपत्रे पाहणे, एकाच प्रश्नावर अनेकांची मते घेणे आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करणे, ही पत्रकारितेतील सवय त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरली.

पार्श्वभूमी: १९७० च्या दशकातील स्तन कर्करोग चिकित्सा

कुशनर यांच्या कार्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळातील उपचारपद्धतीची माहिती आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी एक व्यापक शस्त्रक्रिया रूढ केली. तिच्यात संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथी एकत्रितपणे काढून टाकल्या जात. कर्करोग आधी स्तनात वाढतो, मग जवळच्या ग्रंथींत आणि त्यानंतरच दूरच्या अवयवांत पसरतो, अशी यामागील धारणा होती. त्यामुळे जितका अधिक भाग काढावा तितकी रोगमुक्तीची शक्यता अधिक, असे मानले जाई. अत्यंत मोठ्या गाठी घेऊन स्त्रिया रुग्णालयात येत त्या काळात या शस्त्रक्रियेने रोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण कमी केले होते. तथापि तिची किंमत मोठी होती. छातीचा भाग खोलगट होई, हात कायमचा सुजे आणि खांद्याची हालचाल मर्यादित होई. जवळजवळ पाऊण शतक अमेरिकेत हीच प्रमाण शस्त्रक्रिया राहिली.

तिच्या जोडीला आणखी एक प्रथा रूढ झाली होती. स्तनात गाठ आढळलेल्या स्त्रीला पूर्ण भूल देऊन गाठ काढली जाई. गाठीचा तुकडा गोठवून त्याचा पातळ छेद काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जाई. कर्करोग आढळल्यास रुग्ण भुलीखाली असतानाच स्तन काढण्याची शस्त्रक्रिया केली जाई. त्यासाठीच्या संमतिपत्रावर स्त्रीची सही आधीच घेतलेली असे. तपासलेल्या गाठींपैकी बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसत. तरीही अशा प्रत्येक स्त्रीला, शुद्धीवर आल्यावर आपला स्तन शाबूत असेल की नाही, हे ठाऊक नसताना शस्त्रक्रियागृहात जावे लागे. निदान आणि उपचार यांत दिवस गेले तर रोग पसरेल, तसेच दोनदा भूल देणे अधिक धोक्याचे व खर्चाचे आहे, असे या प्रथेचे समर्थन केले जाई.

या विचारसरणीला विरोध करणारे डॉक्टरही होते. ब्रिटनमध्ये जेफ्री केन्स यांनी, तर कॅनडात व्हेरा पीटर्स यांनी कमी व्यापक शस्त्रक्रियेला किरणोपचारांची जोड देण्याचा मार्ग अवलंबला होता. अमेरिकेत क्लीव्हलँडचे शल्यविशारद जॉर्ज क्राइल (कनिष्ठ) यांनी हॉलस्टेड शस्त्रक्रियेवर उघड टीका केली होती. १९७१ मध्ये बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली वेगवेगळ्या शस्त्रक्रियांची तुलना करणारी मोठी चाचणी सुरू झाली. मात्र ही चर्चा मुख्यतः वैद्यकीय नियतकालिकांपुरती मर्यादित होती. प्रसिद्ध अभिनेत्री शर्ली टेम्पल ब्लॅक यांनी १९७२ मध्ये आपला आजार जाहीर करून निर्णयाचा अधिकार स्वतःकडे ठेवल्याचे सांगितले होते; लेखिका बॅबेट रोझमंड यांनीही व्यापक शस्त्रक्रिया नाकारल्याचा अनुभव लिहिला होता. असे अपवाद वगळता सामान्य स्त्रीला यात निवड करण्याजोगे काही आहे, याची कल्पनाही नसे.

आजाराचे निदान आणि शस्त्रक्रिया

जून १९७४ मध्ये कुशनर यांना स्वतःच्या स्तनात एक लहान गाठ जाणवली. शस्त्रक्रियेला सामोरे जाण्यापूर्वी त्यांनी ग्रंथालय गाठले. त्यांच्या घरापासून जवळच बेथेस्डा येथे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय होते. तेथील पुस्तके व नियतकालिके चाळताना त्यांच्या लक्षात आले की, अमेरिकेत निर्विवाद मानल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी जगभरातील तज्ज्ञांमध्ये एकमत नाही आणि अनेक देशांत तिचा वापर मागे पडत चालला आहे.

या वाचनानंतर त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली म्हणजे, सुरुवातीला फक्त गाठीची तपासणी करून घ्यायची आणि अहवाल हाती आल्यानंतरच पुढील उपचार ठरवायचे. दुसरी म्हणजे, कर्करोग असल्यास हॉलस्टेड शस्त्रक्रिया करून घ्यायची नाही. पहिली अट साधी वाटत असली तरी ती मान्य करणारा शल्यविशारद मिळणे अवघड गेले. सुमारे दीड डझन शल्यविशारदांशी संपर्क साधल्यानंतर एकाने केवळ तपासणी करण्याचे मान्य केले. तपासणीत कर्करोगाचे निदान झाले.

त्यानंतर कुशनर यांनी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत उपचार घेण्याचे ठरवले. तेथील शल्यविशारद टॉमस डाओ यांनी हॉलस्टेड शस्त्रक्रिया करणे सोडून दिले होते. त्यांनी कुशनर यांच्यावर सुधारित शस्त्रक्रिया केली. तिच्यात स्तन आणि काखेतील ग्रंथी काढल्या गेल्या. परंतु छातीचे स्नायू राखले गेले. कुशनर यांचा आक्षेप स्तन काढण्यालाच होता, असा समज त्या काळीही अनेकांचा झाला. प्रत्यक्षात त्यांनी आपला स्तन गमावला होता. रोगाचे स्वरूप समजून घेण्यास आणि पर्यायांचा विचार करण्यास रुग्णाला अवधी मिळावा, तसेच अनावश्यक भाग काढला जाऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती.

बेटी फोर्ड यांची शस्त्रक्रिया

कुशनर यांच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांतच हा विषय राष्ट्रीय चर्चेत आला. सप्टेंबर १९७४ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्या स्तनात नेहमीच्या तपासणीत गाठ आढळली. त्यांच्यावर २८ सप्टेंबर रोजी बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होणार असल्याचे जाहीर झाले. ही शस्त्रक्रिया प्रचलित पद्धतीने, म्हणजे निदान व स्तनच्छेदन एकाच भुलीत, होणार हे लक्षात येताच कुशनर यांनी व्हाइट हाउसशी दूरध्वनीवरून संपर्क साधला. दोन टप्प्यांच्या पद्धतीचा विचार व्हावा, हा निरोप श्रीमती फोर्ड यांच्यापर्यंत पोहोचवण्याचा त्यांचा प्रयत्न होता. राष्ट्राध्यक्षांनी निर्णय घेतलेला आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. स्त्रीच्या शरीराविषयीचा निर्णय तिच्या पतीच्या नावाने कळवला जावा, ही गोष्ट कुशनर यांना विशेष खटकली आणि पुढे त्या तिचा वारंवार उल्लेख करीत.

बेटी फोर्ड यांच्यावर ठरल्याप्रमाणे हॉलस्टेड शस्त्रक्रिया झाली. त्यांनी आपला आजार लपवला नाही. त्यांच्या या मोकळेपणामुळे अमेरिकेत असंख्य स्त्रिया तपासणीसाठी पुढे आल्या. योगायोगाने त्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दोनच दिवसांनी, ३० सप्टेंबर रोजी, फिशर यांच्या चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले. हॉलस्टेड शस्त्रक्रिया झालेल्या आणि कमी व्यापक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही, असे त्यांत म्हटले होते. ऑक्टोबरमध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नियोजित नेल्सन रॉकफेलर यांच्या पत्नी हॅपी रॉकफेलर यांनाही हाच आजार झाल्याचे जाहीर झाले. त्याच महिन्यात वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकात कुशनर यांचा लेख प्रसिद्ध झाला. आपला अनुभव सांगून त्यांनी एका टप्प्याच्या शस्त्रक्रियेवर टीका केली होती. या लेखामुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले.

ग्रंथलेखन

१९७५ मध्ये कुशनर यांचे ‘ब्रेस्ट कॅन्सर: अ पर्सनल हिस्टरी अँड ॲन इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्ट’ हे पुस्तक प्रकाशित झाले. शीर्षकात म्हटल्याप्रमाणे त्यात वैयक्तिक हकीकत आणि शोधपत्रकारिता यांची सांगड आहे. स्वतःच्या आजाराची कथा सांगता सांगता लेखिका स्तनाची रचना, गाठींचे प्रकार, निदानाच्या पद्धती, शस्त्रक्रियांचे प्रकार, किरणोपचार, संप्रेरकांचा परिणाम आणि शस्त्रक्रियेनंतरचे जीवन यांची माहिती देते. इतर देशांतील उपचारपद्धतींची माहितीही तिने गोळा केली होती. वैद्यकीय नियतकालिकांत विखुरलेले संशोधन सामान्य स्त्रीला समजेल अशा भाषेत एकत्र आणणारे हे आरंभीच्या पुस्तकांपैकी एक होते. पुढे हे लेखन ‘व्हाय मी?’ या नावाने स्वस्त आवृत्तीत उपलब्ध झाले. १९८४ मध्ये नवीन संशोधनाची भर घालून लिहिलेले ‘ऑल्टर्नेटिव्ह्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले.

कुशनर यांच्या लेखनातील मुख्य प्रतिपादन असे होते: गाठीचा तुकडा घाईने न तपासता सविस्तर तपासावा. कर्करोग आढळल्यास तो शरीरात अन्यत्र पसरला आहे का, हे आधी पाहावे. कारण पसरला असल्यास व्यापक शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. गाठीच्या पेशींवर स्त्री-संप्रेरकाचे ग्राही आहेत का, याची चाचणी करावी. कारण पुढील उपचार तिच्यावर अवलंबून असतात. या सर्वांसाठी लागणारे काही दिवस रोगाच्या वाटचालीत फरक पाडत नाहीत. रुग्णाला मात्र त्या दिवसांत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेता येते, घरच्यांशी बोलता येते आणि मनाची तयारी करता येते. एका टप्प्याच्या शस्त्रक्रियेला कुशनर यांचा विरोध असा भावनेवर नव्हे, तर वैद्यकीय कारणांवरही आधारलेला होता.

स्तन कर्करोग सल्ला केंद्र

पुस्तक व लेख वाचून देशभरातील स्त्रिया कुशनर यांना पत्रे लिहू लागल्या, दूरध्वनी करू लागल्या. त्यांना उत्तरे देण्यासाठी १९७५ मध्ये कुशनर यांनी मेरीलँडमध्ये स्तन कर्करोग सल्ला केंद्र सुरू केले. हे काम स्वयंसेवी स्वरूपाचे होते. गाठ आढळल्यावर कोणत्या तपासण्या कराव्यात, डॉक्टरला कोणते प्रश्न विचारावेत, संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते कसे वाचावे आणि केवळ तपासणी करून देणारे शल्यविशारद कोठे भेटतील, अशी माहिती केंद्राकडून दिली जाई.

स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना मदत करणारे असे काम अमेरिकेत यापूर्वीही होते. टेरीस लॅसर यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या ‘रीच टू रिकव्हरी’ या उपक्रमात स्वतः शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया नव्या रुग्णांना भेटून धीर देत, हाताचे व्यायाम शिकवत आणि कृत्रिम स्तनाविषयी माहिती देत. मात्र शस्त्रक्रिया कोणती करावी, या वैद्यकीय प्रश्नात हा उपक्रम पडत नसे. कुशनर यांच्या केंद्राचे वेगळेपण असे की, त्याची मदत शस्त्रक्रियेच्या आधी, निर्णय अजून रुग्णाच्या हाती असताना, मिळत असे.

शल्यविशारदांशी संघर्ष

वैद्यकीय परिषदांना उपस्थित राहून तज्ज्ञांना जाहीरपणे प्रश्न विचारणे हा कुशनर यांच्या कार्याचा नित्याचा भाग झाला. शास्त्रीय आकडेवारी त्यांना मुखोद्गत असे आणि त्यांचे बोलणे रोखठोक असे. अनेक शल्यविशारदांना वैद्यकीय पदवी नसलेल्या एका स्त्रीने असे प्रश्न विचारणे रुचत नसे. १९७५ मध्ये कर्करोग शल्यविशारदांच्या एका सभेत त्यांची हुर्यो उडवून त्यांना व्यासपीठावरून उतरण्यास भाग पाडण्यात आले.

तरीही कुशनर वैद्यकविरोधी नव्हत्या. रूढ वैद्यकाला पर्याय म्हणून पुढे येणाऱ्या अशास्त्रीय उपचारांना त्यांनी पाठिंबा दिला नाही. नियंत्रित चाचण्यांतून मिळालेला पुरावा हाच उपचारांचा आधार असावा, असे त्यांचे मत होते आणि नेमका असा पुरावा हॉलस्टेड शस्त्रक्रियेच्या बाजूने नव्हता. त्यामुळे संशोधन करणाऱ्या अनेक डॉक्टरांशी त्यांचे सहकार्याचे संबंध निर्माण झाले. अमेरिकेत त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या स्त्री-आरोग्य चळवळीचाही त्यांच्या कार्याला आधार मिळाला. आपल्या शरीराविषयीचे ज्ञान स्त्रियांनी स्वतः मिळवावे, हा विचार या चळवळीने सर्वदूर नेला होता.

१९७९ ची तज्ज्ञ परिषद

जून १९७९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने स्तनाच्या प्राथमिक कर्करोगावरील उपचारांसंबंधी बेथेस्डा येथे परिषद भरवली. उपलब्ध पुराव्याचा विचार करून शिफारशी करण्यासाठी नेमलेल्या मंडळात डॉक्टर व शास्त्रज्ञांच्या जोडीला कुशनर यांचा समावेश होता. मंडळाने दोन महत्त्वाचे निष्कर्ष काढले. पहिल्यानुसार, छातीचे स्नायू राखून केलेली शस्त्रक्रिया ही प्रमाण पद्धत मानण्यात आली आणि हॉलस्टेड शस्त्रक्रियेचे ते स्थान संपुष्टात आले. दुसऱ्यानुसार, बहुतेक रुग्णांच्या बाबतीत निदानासाठीची तपासणी व उपचारासाठीची शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करावी, असे ठरले. या दुसऱ्या निष्कर्षाचा समावेश मुख्यतः कुशनर यांच्या आग्रहामुळे झाला. ज्या मागणीसाठी पाच वर्षांपूर्वी त्यांना एका शल्यविशारदाकडून दुसऱ्याकडे जावे लागले होते, ती आता राष्ट्रीय शिफारस झाली होती.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्याने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना उपचारांच्या सर्व पर्यायांची माहिती देणे डॉक्टरांवर बंधनकारक करणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होते. पुढील दशकात कॅलिफोर्नियासह इतर अनेक राज्यांनी या धर्तीवर कायदे केले.

राष्ट्रीय कर्करोग सल्लागार मंडळ

१९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कुशनर यांची राष्ट्रीय कर्करोग सल्लागार मंडळावर सहा वर्षांसाठी नियुक्ती केली. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधनाची दिशा व निधी यांविषयी हे मंडळ सल्ला देते. या पदामुळे कुशनर यांना बाहेरून टीका करण्याऐवजी धोरण ठरवणाऱ्यांच्या बैठकीत बसून प्रश्न विचारण्याची संधी मिळाली. या काळात फिशर यांच्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले (१९८५). गाठ लहान असल्यास केवळ गाठ काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात, असे त्यातून दिसून आले. निदान व शस्त्रक्रिया यांमध्ये अवधी असल्याखेरीज या पर्यायाचा विचार करणे रुग्णाला शक्यच झाले नसते.

रसायनोपचारांविषयीची भूमिका

१९८० च्या दशकात शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधक म्हणून रसायनोपचार (केमोथेरपी) देण्याचे प्रमाण वाढले. कुशनर यांनी या प्रवृत्तीवर टीका केली. १९८४ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी असा प्रश्न उपस्थित केला की, आक्रमक रसायनोपचार हे या दशकातील हॉलस्टेड शस्त्रक्रिया ठरणार नाहीत ना. विशेषतः रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना या उपचारांचा लाभ अल्प आणि त्रास मोठा असल्याचे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्या गाठीत संप्रेरक-ग्राही आढळतात त्यांना टॅमॉक्सिफेन हे तुलनेने सौम्य औषध द्यावे, असे त्या सुचवीत. १९८५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचलेल्या व संप्रेरक-ग्राही असलेल्या रजोनिवृत्त स्त्रियांसाठी टॅमॉक्सिफेनची शिफारस केली; मात्र रजोनिवृत्तीपूर्व स्त्रियांमध्ये ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला असल्यास रसायनोपचार हाच प्रमाण उपचार मानला.

ही भूमिका केवळ तात्त्विक नव्हती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस कुशनर यांचा स्वतःचा कर्करोग पुन्हा उद्भवला. त्यांनी रसायनोपचारांऐवजी टॅमॉक्सिफेन घेण्याचे ठरवले आणि त्यानंतर काही वर्षे त्या कार्यरत राहिल्या.

संघटन आणि मॅमोग्राफीसाठी प्रयत्न

स्तनाच्या कर्करोगासंबंधी काम करणारे गट विविध राज्यांत स्वतंत्रपणे वावरत होते. त्यांना एकत्र आणण्यासाठी १९८६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्तन कर्करोग संघटना महासंघाच्या संस्थापकांमध्ये कुशनर होत्या. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीचा, खर्च विम्यातून मिळावा यासाठी लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा केला. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या शासकीय आरोग्य विम्यात या तपासणीचा समावेश करणारा कायदा १९८८ मध्ये झाला. परंतु इतर तरतुदींवरील असंतोषामुळे तो संपूर्ण कायदाच १९८९ मध्ये रद्द करण्यात आला. १९९० मध्ये संसदेने ही सवलत पुन्हा मंजूर केली. त्या वेळी कुशनर हयात नव्हत्या.

मृत्यू

७ जानेवारी १९९० रोजी वॉशिंग्टन येथे वयाच्या साठाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगानेच कुशनर यांचे निधन झाले. निदानानंतर त्या साडेपंधरा वर्षे जगल्या. त्यांची कागदपत्रे व पत्रव्यवहार हार्वर्ड विद्यापीठाच्या रॅडक्लिफ संस्थेतील श्लेसिंजर ग्रंथालयात जतन करण्यात आला आहे.

टीका आणि मूल्यमापन

कुशनर यांच्या कार्याविषयी काही आक्षेपही नोंदवले गेले आहेत. टॅमॉक्सिफेन बनवणाऱ्या कंपनीकडून त्यांनी अर्थसाह्य स्वीकारले आणि तिच्या सल्लागार म्हणून काम केले. ज्या औषधाचा त्या जाहीर पुरस्कार करीत, त्याच्याच उत्पादकाशी असलेल्या या संबंधांमुळे त्यांच्या निःपक्षपातीपणावर प्रश्नचिन्ह उभे राहिले. स्वतः घेत असलेल्या उपचारांचा प्रभाव त्यांच्या मतांवर कितपत पडला, हा प्रश्नही वैद्यकेतिहासाच्या अभ्यासकांनी उपस्थित केला आहे.

रसायनोपचारांविषयीच्या त्यांच्या मताचे मूल्यमापन संमिश्र आहे. पुढील संशोधनातून अनेक गटांतील रुग्णांना, काही रजोनिवृत्त स्त्रियांनाही, रसायनोपचारांनी लाभ होत असल्याचे स्पष्ट झाले. त्या अर्थाने कुशनर यांचा विरोध अतिरेकी ठरतो. दुसरीकडे, गाठीतील जनुकांच्या चाचणीवर आधारित व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून, संप्रेरक-ग्राही असलेल्या आणि ग्रंथींपर्यंत रोग न पोहोचलेल्या बहुसंख्य स्त्रियांना रसायनोपचार टाळता येतात, असे दिसून आले. प्रत्येकीला सरसकट तीच उपचारपद्धती लागू करण्याविषयीची त्यांची शंका रास्त होती, असे यावरून म्हणता येते.

हॉलस्टेड शस्त्रक्रिया मागे पडण्याचे श्रेय कोणा एका व्यक्तीला देता येत नाही. त्यासाठी निर्णायक पुरावा फिशर यांच्यासारख्या संशोधकांनी आणि चाचण्यांत सहभागी झालेल्या हजारो स्त्रियांनी पुरवला. मात्र निदान आणि शस्त्रक्रिया यांमध्ये रुग्णाला अवधी मिळावा, ही मागणी मुख्यतः रुग्णांकडून पुढे आली आणि तिचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा कुशनर यांनी केला.

वारसा

कुशनर यांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, अमेरिकेत राष्ट्रीय स्तन कर्करोग आघाडी स्थापन झाली. संशोधनासाठी अधिक निधी मिळवणे आणि संशोधनविषयक निर्णयांत रुग्णांना स्थान मिळवून देणे, ही तिची उद्दिष्टे होती. पुढे अमेरिकेच्या संरक्षण विभागामार्फत चालवल्या जाणाऱ्या स्तन कर्करोग संशोधन कार्यक्रमात प्रस्तावांची छाननी करणाऱ्या समित्यांवर शास्त्रज्ञांच्या बरोबरीने रुग्ण-प्रतिनिधी बसू लागले. १९७९ च्या मंडळावर कुशनर एकट्या होत्या; आता अशा सहभागाला नियमित व्यवस्थेचे रूप आले.

आज स्तनातील गाठीचे निदान सामान्यतः सुईने घेतलेल्या नमुन्यावरून होते आणि अहवाल आल्यानंतर रुग्णाशी चर्चा करून उपचार ठरवले जातात. ही पद्धत आता इतकी सर्वमान्य झाली आहे की, एके काळी ती मिळवण्यासाठी रुग्णाला झगडावे लागत असे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

ग्रंथसंपदा

ब्रेस्ट कॅन्सर: अ पर्सनल हिस्टरी अँड ॲन इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्ट (१९७५)
व्हाय मी? (१९७७, सुधारित आवृत्ती १९८२)
ऑल्टर्नेटिव्ह्ज (१९८४)